भिलाईच्या अंगणातलं तेरावं शतक

आजचा भाग थोडा उलट्या वाटेनं सुरू करू या. फ्रान्सपासून.

फ्रान्सला जाणारे आपले लोक पॅरिस बघतात, मनोरा बघतात, फार तर एखादा राजवाडा बघतात आणि पुढच्या देशात जातात. पण तिथल्याच आणि शेजारच्या देशांतल्या लोकांना एक वेगळा नाद असतो. सुट्टीत गाडी काढायची, हमरस्ता सोडायचा आणि खेड्यापाड्यांतली अकराव्या-बाराव्या शतकातली चर्चं शोधत फिरायचं. जाड भिंती, छोट्या खिडक्या, अर्धगोल कमानी, खांबांच्या माथ्यावर कोरलेले विचित्र प्राणी आणि दारावर अखेरच्या न्यायाचा देखावा. या शैलीला रोमनेस्क म्हणतात. कॉंक, वेझले, ओतां ही त्यातली मोठी नावं. पण खरी गंमत लहान गावांत असते. कुलूप लागलेलं असतं, किल्ली नगरपालिकेच्या कचेरीत नाहीतर शेजारच्या घरी असते, ती आणायची आणि आठशे-नऊशे वर्षांच्या अंधारात एकट्यानं उभं राहायचं.

हे सगळं मी भिलाईत बसून का सांगतोय? कारण त्याच शतकांतलं, त्याच तोलाचं काम आपल्या अंगणात उभं आहे आणि आपण त्याच्या शेजारून रोज लोकल पकडतो.

भिलाईबद्दल आपली सगळ्यांची ठाम समजूत आहे की या गावाला इतिहास नाही. 2 फेब्रुवारी 1955 ला सोव्हिएत युनियनशी करार झाला, 4 फेब्रुवारी 1959 ला राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली, सेक्टर वसले, आपले आजोबा-वडील नागपूर, अमरावती, भंडाऱ्याकडून इथं आले. त्याआधी म्हणे धानाची शेतं होती. हे खोटं नाही, पण अर्धवट आहे. भिलाई-तीनच्या पुढे चरोद्याला रेल्वेचं प्रचंड मार्शलिंग यार्ड आहे. त्या यार्डाच्या पलीकडे देवबलोदा नावाचं गाव आहे. रेल्वे स्टेशनच्या पाटीवरही ‘देवबलोदा चरोदा’ असंच लिहिलंय. त्या गावात कलचुरी काळातलं, तेराव्या शतकातलं शिवमंदिर आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली.

वाळूच्या दगडाचं, पूर्वाभिमुख, बेताच्या आकाराचं देऊळ. बाजूला पायऱ्यांचं कुंड. मंडपातून गाभाऱ्यात जाताना आपण वर चढत नाही, पायऱ्या उतरून खाली जातो. आपल्याकडच्या अंबरनाथच्या देवळात जे गेलेत त्यांना हा अनुभव ओळखीचा वाटेल. तिथंही असंच जमिनीच्या पोटात उतरावं लागतं. बाहेरच्या भिंतींवर देव आहेतच, पण देवांपेक्षा मला तिथली माणसं आवडतात. नाचणारी, वाजवणारी, शिकारीला निघालेली. आणि वर बघाल तर शिखर नाही. देऊळ जणू मध्येच थांबलंय.

ते का थांबलं याची गोष्ट गावात कुणालाही विचारा, सांगतील. सहा महिन्यांची एक रात्र होती, छमासी रात. त्या रात्रीत हे देऊळ बांधायचं होतं. कारागीर कामात इतका बुडालेला की अंगावरचे कपडे कधी गळून पडले त्याला कळलं नाही. बायको रोज जेवण घेऊन यायची. एके दिवशी तिच्याऐवजी बहीण आली. तिला येताना बघून तो लाजेनं वरून कुंडात उडी मारून नाहीसा झाला. कुंडाखाली भुयार आहे, ते थेट आरंगला निघतं, आणि तिथं पोचून तो दगडाचा झाला असं काही जण सांगतात.

आता आरंगला काय आहे? रायपूरच्या पूर्वेला, महासमुंदच्या वाटेवर आरंग लागतं आणि तिथं भांड देवल नावाचं जैन मंदिर आहे. त्याचं शिखर आजही उभं आहे आणि गाभाऱ्यात तीर्थंकरांच्या तीन उभ्या मूर्ती आहेत. दिगंबर. नग्न. माझा अंदाज असा आहे, आणि हा निव्वळ अंदाज आहे, की दोन गावांतल्या दोन कोड्यांना जोडून ही गोष्ट तयार झाली असावी. एका गावाला कोडं पडलं की देवळाला शिखर का नाही. दुसऱ्या गावाला कोडं पडलं की हे नग्न दगडी पुरुष कोण. मधे भुयार घातलं की दोन्ही सुटतात. लोककथेला हसू नका. ज्या समाजाला देवळाचा राजा आठवत नाही, त्याला कारागीर आठवतोय.

कारागिराच्या बाबतीत फ्रान्सची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. ओतांच्या कॅथेड्रलच्या दारावर, ख्रिस्ताच्या पायाखाली, लॅटिनमध्ये तीन शब्द कोरलेत. अर्थ असा, की गिस्लेबर्तुसनं हे केलं. मध्ययुगात इतक्या ठसठशीतपणे नाव कोरलेलं क्वचित सापडतं. लोकांनी त्याला शिल्पकार ठरवून डोक्यावर घेतलं. पुढे काही अभ्यासकांनी शंका काढली की हे नाव शिल्पकाराचं नसून देणगीदाराचंही असू शकतं. म्हणजे नाव मिळूनही माणूस निसटला. त्या शिल्पाचं पुढचं नशीबही पाहा. 1766 मध्ये तिथल्याच धर्मगुरूंना ते जुनाट आणि ओबडधोबड वाटलं आणि त्यांनी ते गिलाव्याखाली गाडून टाकलं. काही वर्षांत क्रांती झाली, चर्चमधल्या मूर्ती फोडल्या गेल्या, पण गिलाव्याखालचं शिल्प कुणाला दिसलंच नाही. 1837 मध्ये गिलावा काढला तेव्हा ते जवळपास जसंच्या तसं बाहेर आलं. क्लुनीचं भाग्य तसं नव्हतं. ख्रिस्ती जगातलं एके काळचं सगळ्यात मोठं चर्च 1798 मध्ये विकलं गेलं आणि पुढची पंचवीस वर्षं लोकांनी दगडाच्या खाणीसारखं ते काढून नेलं.

बांधणीबद्दलही थोडं सांगायला हवं, कारण इथं दोन्हीकडची तुलना वरवरची राहत नाही. रोमनेस्क चर्चचं छत बहुतेक वेळा अर्ध्या पिंपासारखं दगडी असतं, खऱ्या कमानीचं. कमान वरचं वजन नुसतं खाली पाठवत नाही, ती भिंतींना बाहेर ढकलते. म्हणून तिथल्या भिंती इतक्या जाड आणि खिडक्या इतक्या लहान. तो गूढ अंधार मुद्दाम आणलेला असेलही, पण आधी तो गणिताचा आहे. आपल्या कारागिरानं कमान टाळली. त्यानं खांबावर तुळई ठेवली आणि छतासाठी एकेक थर थोडा थोडा पुढे काढत नेला, वर एक दगड झाकला की झालं. यात बाहेर ढकलणं जवळजवळ नाही, सगळं वजन सरळ खाली. चुन्याची गरज नाही, घडीव दगड एकमेकांवर नुसत्या भारानं बसतात. तोटा एवढाच की मोठी मोकळी जागा मिळत नाही, दर काही हातांवर खांब लागतो. तिथं शेकडो यात्रेकरूंना एका छताखाली प्रार्थनेला बसवायचं होतं, इथं एकेकानं आत जाऊन दर्शन घेऊन बाहेर यायचं होतं. गरज वेगळी, म्हणून उत्तर वेगळं.

नावांचीही गंमत आहे. रोमनेस्क हे नाव त्या काळातल्या कुणालाच माहीत नव्हतं. 1818 मध्ये शार्ल द जेरव्हिल नावाच्या एका फ्रेंच अभ्यासकानं ते रूढ केलं. आपलं ‘हेमाडपंती’ तसंच. यादवांचा मंत्री हेमाद्री तेराव्या शतकातला, आणि त्याच्या कितीतरी आधीच्या देवळांनाही आपण बिनदिक्कत हेमाडपंती म्हणतो. अंबरनाथ 1060 चं आहे, तेही हेमाडपंतीच! छत्तीसगडला असं एखादं सोयीचं नाव मिळालंच नाही. मिळालं ते एकच, आणि ते मला अजिबात आवडत नाही. भोरमदेवला ‘छत्तीसगडचं खजुराहो’ म्हणतात. का बुवा? चार मिथुनशिल्पं दिसली की झालं खजुराहो?

भोरमदेवला मात्र जाच. कवर्ध्यापासून साधारण 18 किलोमीटरवर, मैकल डोंगराच्या पायथ्याशी, तळ्याच्या काठी. फणिनागवंशी राजांचं हे काम. तिथल्या एका योग्याच्या मूर्तीवरच्या लेखातून 1089 च्या आसपासचा काळ मिळतो, आणि गोपालदेव राजाचं नाव त्याच्याशी जोडलं जातं. म्हणजे अंबरनाथनंतर तीसेक वर्षं. मंडपाला तीन बाजूंनी दारं, बाहेरच्या भिंतीवर शिल्पांच्या तीन ओळी एकावर एक. शेजारी विटांच्या एका देवळाचे अवशेष आहेत, तेही बघा.

तिथून जवळच मडवा महल. ‘मडवा’ म्हणजे आपला मांडव, लग्नाचा. नाव महल असलं तरी हे शिवमंदिर आहे. 1349 मध्ये नागवंशी राजा रामचंद्रदेवानं बांधलं, आणि त्याची राणी अंबिकादेवी कलचुरी घराण्यातली होती. या देवळाचा मोठा शिलालेख आहे. त्यात वंशाची सुरुवात एका नागापासून आणि जातुकर्ण ऋषींच्या मिथिला नावाच्या मुलीपासून सांगितलीय. त्यांचा मुलगा अहिराज, आणि तिथून पुढे एकामागून एक राजे. पूर्वज नाग होता हे दगडावर कोरून अभिमानानं सांगणारं हे घराणं. डोंगरातल्या छोट्या राजांना मैदानातल्या मोठ्या राजघराण्याशी सोयरीक करताना स्वतःची पोथी तयार ठेवावी लागत असणार, असं मला तो लेख आठवला की वाटतं. लग्नाचा मांडव आणि वंशावळ एकाच देवळात, हा योगायोग नसावा.

आणि सिरपूर. ते या सगळ्यांहून जुनं, सातव्या शतकातलं. महानदीच्या काठी विटांचं लक्ष्मण मंदिर. नाव लक्ष्मणाचं असलं तरी देऊळ विष्णूचं. हे बांधलं एका राणीनं. वासटा तिचं नाव. मगधाच्या सूर्यवर्म्याची मुलगी, हर्षगुप्ताची विधवा आणि महाशिवगुप्त बालार्जुनाची आई. नवऱ्याच्या आठवणीत तिनं हे उभारलं. मुलगा स्वतः शिवभक्त, आई विष्णुभक्त, आणि त्याच राज्यात आनंदप्रभू नावाच्या भिक्षूनं बौद्ध विहार बांधला. वासटेचा शिलालेख आज रायपूरच्या महंत घासीदास संग्रहालयात आहे. या लेखातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट स्तुतीत नाही. देवळासाठी काही गावं लावून दिली आहेत आणि त्यांच्या उत्पन्नाचा एक वाटा देवळाची मोडतोड दुरुस्त करण्यासाठी राखून ठेवला आहे. बांधतानाच तिला ठाऊक होतं की हे फुटणार आहे, आणि त्यासाठी दर वर्षी पैसे लागणार आहेत. तेराशे वर्षांपूर्वीची ही तजवीज.

आता अवघड भागाकडे येतो. मराठी श्रोत्यांसमोर बोलताना तो टाळून चालणार नाही.

ही देवळं ज्या कलचुरींच्या काळातली, त्या घराण्यानं छत्तीसगडावर जवळपास सात शतकं राज्य केलं. तुम्माणहून रतनपूर, पुढे रायपूरची शाखा. ते राज्य संपवलं कुणी? आपण. 1741 मध्ये नागपूरच्या रघूजी भोसल्यांचे सेनापती भास्करराम कोल्हटकर ओडिशा-बंगालकडे जाताना रतनपूरवर आले. राजा रघुनाथसिंह म्हातारा होता, एकुलता मुलगा गमावून खचलेला. किल्ल्यानं लढत अशी दिलीच नाही. एक लाख रुपये दंड बसवला गेला. भास्करपंत पुढे बंगालात गेले आणि 1744 मध्ये तिथं दग्यानं मारले गेले. तिकडे त्या स्वाऱ्यांची आठवण अंगाईगीतातून राहिली, आणि ती आपल्याला फारशी सुखावणारी नाही. 1758 पासून 1787 पर्यंत रघूजींचे चिरंजीव बिंबाजी भोसले रतनपूरला राहून कारभार बघत होते. तिथल्या रामटेकडीवरचं राममंदिर त्यांचं. दसऱ्याला सोनं वाटायची चाल छत्तीसगडात त्यांनी रुजवली असं सांगतात. टेकडीचं नाव आणि देऊळ दोन्हींवर नागपूरजवळच्या रामटेकची सावली आहे हे सांगायला कुणा पंडिताची गरज नाही.

शाळेत आपण मराठ्यांचा इतिहास अटकेपर्यंत शिकलो. रतनपूरच्या बाजूनं तो कसा दिसतो हे कुणी शिकवलं नाही. भिलाईतल्या, रायपूरच्या, बिलासपूरच्या मराठी मुलांना तरी ते कळायला हवं, कारण ती मुलं दोन्ही बाजूंची आहेत.

पण गोष्ट इथं संपत नाही. कलचुरींचं राज्य नागपूरनं संपवलं, आणि त्यांचा इतिहास वाचून जगासमोर मांडलाही नागपूरनंच. महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी. जन्म 1893, कोकणातलं कुवळे गाव, कर्मभूमी नागपूर. संस्कृतचे प्राध्यापक. कलचुरी-चेदी संवताचे कोरीव लेख जमवून, एकेक अक्षर लावून, त्यांचे पाठ, भाषांतर आणि टीपा असा प्रचंड ग्रंथ त्यांनी सिद्ध केला. रतनपूर, राजीम इथल्या कलचुरी लेखांचं बोलणं आज आपल्याला समजतं ते बऱ्याच अंशी त्यांच्यामुळे. राजीमच्या राजीवलोचन मंदिरातला जगपालदेवाचा 1145 चा लेख त्यात आहे. छत्तीसगडावर कुणीही काही लिहायला घेतलं तर मिराशींच्या पानांवरून जावंच लागतं. आणि तो ग्रंथ प्रसिद्ध झाला 1955 मध्ये! ज्या वर्षी पोलाद कारखान्याचा करार झाला त्याच वर्षी. एका बाजूला या मातीचं भविष्य कागदावर येत होतं, दुसऱ्या बाजूला तिचा भूतकाळ. पहिल्या कागदानं आपल्याला इथं आणलं. दुसरा आपल्यापैकी फार थोड्यांनी उघडला.

त्याच दशकात सिरपूरला उत्खनन केलं तेही मराठी माणसानं, मोरेश्वर गंगाधर दीक्षितांनी. आनंदप्रभूचा विहार मातीतून बाहेर आला तो त्यांच्या हातून.

या लोकांच्या आधी इंग्रजांच्या अमदानीत अलेक्झांडर कनिंगहॅम 1881-82 च्या दौऱ्यात इकडे फिरून गेले होते. फ्रान्समध्ये हेच काम त्याच्या जवळपास अर्धशतक आधी सुरू झालं होतं. 1834 मध्ये प्रॉस्पेर मेरिमे नावाचा लेखक ऐतिहासिक वास्तूंचा महानिरीक्षक झाला, ‘कारमेन’ची कथा लिहिणारा तोच. तो वर्षानुवर्षं खेड्यापाड्यांत फिरला, मोडकळीला आलेल्या चर्चच्या नोंदी केल्या, सरकारकडे पैशासाठी भांडला. वेझलेचं चर्च कोसळायच्या बेतात होतं, ते व्हियोले-ल-द्युक या तरुण वास्तुविशारदाकडे 1840 मध्ये सोपवलं गेलं आणि वाचलं.

आणखी एक फरक. फ्रान्समध्ये 1905 च्या कायद्यानं राज्य आणि धर्मसंस्था वेगळ्या झाल्या. त्याआधीची गावातली चर्चं गावाच्या मालकीची झाली. छत गळलं तर नगराध्यक्षानं बघायचं, मग तो स्वतः देव मानत असो वा नसो. पण भाविक कमी झाले, एकेक पाद्री अनेक गावं सांभाळतो, कित्येक चर्चमध्ये प्रार्थना क्वचितच होते. इमारत जपलेली, दिवा विझलेला. आपल्याकडे उलट. देवबलोद्याला रोज पिंडीवर पाणी पडतं, महाशिवरात्रीला जत्रा भरते, पाळणे लागतात, कुंडाभोवती पाय ठेवायला जागा नसते. दिवा पेटलेला आहे. इमारतीकडे मात्र लोक सरकारचं काम म्हणून बघतात. कायद्यानं स्मारकापासून 100 मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि त्यापुढच्या 200 मीटरवर निर्बंध आहेत. त्यामुळे शेजारच्या घरवाल्याला ते देऊळ श्रद्धेचं असतं आणि अडचणीचंही. ज्याला स्वतःच्या घरावर एक खोली चढवायची आहे त्याला वारशाचं व्याख्यान देणं सोपं नाही. ते मी देणारही नाही. पण ही ओढाताण आपल्या बोलण्यात आली पाहिजे, एवढं खरं. भिंतीला शेंदूर लावू नये, तेल ओतू नये हे गावकऱ्यांना सांगणाऱ्या शहरी पाहुण्यांनी आधी त्या शिल्पावर हात ठेवून फोटो काढणं थांबवावं.

जायचं कसं? देवबलोद्याला सकाळी जा. तोंड पूर्वेकडे असल्यामुळे ऊन थेट मंडपात येतं आणि दगडातलं काम उठून दिसतं. सोबत लहान मुलं असतील तर त्यांना शिकारीचे प्रसंग शोधायला सांगा, ती तासभर हलणार नाहीत. आरंग आणि सिरपूर एकाच वाटेवर आहेत, दोन्ही मिळून एक दिवस. सिरपूरला जायच्या आधी किंवा नंतर रायपूरच्या संग्रहालयात वासटेचा लेख बघा. अक्षरं वाचता आली नाहीत तरी चालेल, त्यांचा घाट बघा. भोरमदेव आणि मडवा महल हा दुसरा दिवस, आणि पावसाळा नुकताच संपलेला असेल तर मैकलचे डोंगर हिरवे असतात.

पुढच्या भागात बिलासपूरकडे जाऊ. मनियारी नदीच्या काठी ताला नावाचं गाव आहे, तिथं देवरानी-जेठानी अशी दोन देवळं आहेत, म्हणजे धाकटी जाऊ आणि थोरली जाऊ. त्यातल्या धाकटीच्या अंगणात एक अवाढव्य मूर्ती सापडली, जिचे अवयव सरडा, मासा, खेकडा, मोर अशा प्राण्यांचे आहेत. ती नेमकी कुणाची यावर अजून एकमत नाही.